सड्यावरची रेंज

आमच्या वाडीत रेंज येत नाही, रेंजवर जावं लागतं. "वहिनी कुठे गेली?" असं विचारलं तर "रेंजवर" असं उत्तर मिळतं, पूर्वी "पाण्यावर" मिळायचं तसं. वाडी वहाळाकाठी, खोलात. वर चढून गेलं की जांभ्याचा सपाट सडा लागतो आणि तिथे एका ठरावीक कातळापाशी फोनला जाग येते. दोन पावलं डावीकडे सरकलात की गेली. रत्नागिरी जिल्ह्याच्या आतल्या भागात असे कातळ, असे आंबे, अशी घाटातली वळणं किती असतील याची मोजदाद कुणी केलेली नाही. पण कुठल्याही एसटी ड्रायव्हरला विचारा, त्याच्या रस्त्यावरची तो तोंडपाठ सांगेल.

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी माझी चुलत वहिनी तीन दिवस त्या कातळावर जात होती. एका सरकारी योजनेचं ई-केवायसी करायचं होतं. नियम असा की तिच्या आधारचा ओटीपी तिच्या फोनवर येणार आणि नवऱ्याच्या आधारचा त्याच्या. नवरा, म्हणजे माझा चुलत भाऊ, नालासोपाऱ्याला. तिने कातळावर बसून अर्ज उघडायचा, आपला ओटीपी भरायचा, मग त्याला आलेला ओटीपी त्याने फोन करून सांगायचा. ऐकायला सोपं आहे. पण त्या कातळावर जी रेंज येते ती अशी की कॉल लागला की फोन जुन्या टूजीवर उतरतो आणि नेट बंद पडतं. भावाचा आवाज आला की अर्ज मेला. कॉल ठेवून नेट परत येईपर्यंत ओटीपीची मुदत संपलेली. मेसेजने पाठव म्हटलं तर मेसेज दुपारी पोचला, ती खाली भात लावून जेवायला बसली तेव्हा कुठेतरी वाटेत अडकलेला.

दुसऱ्या दिवशी मी छत्री धरायला गेलो. माझा फोन उपयोगाला येईल असा माझा समज होता. पण माझ्या कंपनीची रेंज त्या कातळावर नाहीच, तिला पलीकडच्या टेपावरचा काजू लागतो. मी काजूखाली, वहिनी कातळावर, मध्ये हाकेचं अंतर आणि धो धो पाऊस. मी भावाकडून आकडे घ्यायचे आणि ओरडून सांगायचे. "भावोजी, आठ की साठ?" तिने विचारलं. साठ नसतं ओटीपीत, हे सांगेपर्यंत पान गेलं.

हसण्यासारखं आहे आणि आम्ही हसलोही. पण या हसण्याखाली एक गोष्ट दबून जाते. योजना तिची, हक्क तिचा, नाव यादीत तिचं, आणि ती खरी कोण हे सिद्ध करण्याची जबाबदारीही तिचीच. ती सिद्ध करण्याची वाट मात्र अशा एका गोष्टीतून जाते, जी तिच्या दारात पोचवण्याची जबाबदारी कुणाचीच नाही. ऑनलाइनची सक्ती माणसावर आहे, रेंजची सक्ती कुणावर नाही. मला या लेखात भांडायचंय ते या एकतर्फी सक्तीशी.

आधी थोडं यंत्राबद्दल, कारण तिथेच पुष्कळ गैरसमज आहेत. "दोन दांड्या दिसतायत, मग पान का उघडत नाही?" हा प्रश्न मी शंभर वेळा ऐकलाय. दांड्या सांगतात ते टॉवरचा आवाज फोनला किती ऐकू येतो एवढंच. टॉवर दहाहून कितीतरी जास्त वॉटच्या ताकदीने बोलतो. फोन फोरजीवर जास्तीत जास्त सुमारे एक पंचमांश वॉटने. मधे डोंगराची सोंड असेल, ओल्या झाडांची गर्दी असेल, तर टॉवरचं म्हणणं तुमच्यापर्यंत येतं, तुमचं म्हणणं टॉवरपर्यंत जात नाही. फोन मग जीव तोडून ओरडत राहतो, म्हणून तो तापतो आणि बॅटरी दुपारपर्यंत उतरते. अर्ज भरणं, फोटो चढवणं, अंगठा पाठवणं ही सगळी फोनने टॉवरला सांगायची कामं. नेमकी तीच अडतात.

लोकांनी यावर आपले उपाय काढलेत आणि ते शास्त्राला धरून आहेत. आमच्याकडची पोरं फोन प्लास्टिकच्या पिशवीत घालून आंब्याच्या शेंड्याला टांगतात, त्याचा हॉटस्पॉट चालू ठेवतात आणि खाली पडवीत दुसऱ्या फोनवर नेट घेतात. उंचीवरच्या फोनला टॉवर दिसतो, खालच्या फोनला वरचा फोन दिसतो. टॉवरचं काम आंबा करतो. फक्त वर टांगलेल्या फोनवर ओटीपी आला की कुणीतरी चढावं लागतं.

लहरींचंही तसंच आहे. कमी वारंवारितेच्या लहरी लांब जातात, डोंगराच्या कडेवरून थोड्या वळतात, भिंतीतून आत शिरतात. जास्त वारंवारितेच्या लहरी पुष्कळ डेटा वाहतात, पण लवकर दमतात. खोऱ्यातल्या गावांना पहिल्या जातीच्या हव्यात, शहराला दुसऱ्या. देशात ७०० मेगाहर्ट्झचा पट्टा, म्हणजे खोऱ्याखोऱ्यांत पोचायला सर्वांत सोयीचा, २०१६ च्या लिलावात मांडला गेला आणि किंमत इतकी चढी होती की कुणीही घेतला नाही. २०२१ मध्ये पुन्हा तेच. २०२२ मध्ये एका कंपनीने घेतला. सहा वर्षं तो पट्टा रिकामा होता, आणि त्या सहा वर्षांतच रेशनपासून पीकविम्यापर्यंत सगळं मोबाईलवर गेलं. सरकारचा एक हात लोकांना ऑनलाइन या म्हणत होता, दुसरा हात वाटेची किंमत चढवून बसला होता.

असं नेहमीच नव्हतं. १९८४ मध्ये सी-डॉट ही संस्था निघाली तेव्हा तिच्यापुढचा प्रश्न असा होता की भारतातल्या खेड्यात टेलिफोन एक्स्चेंज टिकत का नाही. परदेशी यंत्रांना वातानुकूलित खोली लागायची आणि खेड्यात पंखासुद्धा विजेच्या मर्जीवर. त्यांनी १२८ लाइनींचं असं एक्स्चेंज घडवलं जे धुळीत, उकाड्यात, वातानुकूलनाशिवाय चालेल. १९८६ मध्ये कर्नाटकातल्या कित्तूरला ते पहिल्यांदा बसलं. पुढे पीसीओंची पिवळी खोकी नाक्यानाक्यावर आली. प्रत्येकाच्या घरात फोन येणं शक्य नाही हे तेव्हा माहीत होतं, म्हणून गावाला एक तरी फोन असा हिशोब होता, आणि यंत्र खेड्याच्या बेताने घडवायचं होतं. आज हिशोब उलटा झालाय. प्रत्येकाच्या हातात चांगला फोन, त्यात डेटा, वर रेंज आणि घरात वीज हे गृहीत धरून योजना आखली जाते आणि खेड्याने तिच्या बेताने वागायचं असतं.

याचं सगळ्यात बोचरं उदाहरण रोजगार हमीचं आहे. काम मागितलं तर सरकारने ते दिलंच पाहिजे हा कायदा महाराष्ट्राने देशाला दिला. वि. स. पागे यांनी त्याची कल्पना मांडली, १९७७ मध्ये कायदा झाला, १९७९ च्या प्रजासत्ताकदिनापासून तो लागू झाला. त्या कायद्यात मजुराच्या हातात एक साधी वस्तू होती : मस्टर. नाव, सही किंवा अंगठा, दिवस. २००५ च्या केंद्रीय कायद्याने ही हमी देशभर नेली. मग १ जानेवारी २०२३ पासून कामावरची हजेरी मोबाईल ॲपवर, दिवसातून दोनदा, जागेच्या खुणेसह मजुरांचा फोटो काढून घेणं सक्तीचं झालं. भ्रष्टाचार रोखायचा हा हेतू, आणि खोटी मस्टरं भरली जायची हेही खरंच आहे. मात्र फोटो चढला नाही तर दिवस कुणाचा बुडतो? उन्हात माती उचललेल्या बाईचा. चोरी मस्टर लिहिणाऱ्याने केली, शिक्षा मस्टरावर अंगठा देणारीला. त्याच वर्षी देशभरातले मजूर दिल्लीत जंतरमंतरवर शंभर दिवस बसले होते, त्यांच्या मागण्यांत ही हजेरी होती. इंटरनेट नसताना फोटो घेऊन नंतर रेंजमध्ये आल्यावर चढवायची सोय त्या ॲपमध्ये आहे, हेही सांगायला हवं. म्हणजे रेंजविना चालेल असं घडवता येतं. मग ते सगळीकडे का घडत नाही? पैशांच्या बाबतीत तर ते झालंय : मार्च २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने साध्या बटणाच्या फोनवरून, इंटरनेटशिवाय पैसे पाठवण्याची यूपीआयची सोय सुरू केली. व्यवहार अडू नये यासाठी जी कल्पकता सुचली, ती हक्क अडू नये यासाठी सुचायला काय हरकत होती?

इथे शहरातला मित्र हमखास म्हणतो, "अरे, त्यांना रेंज हवीय ती रील बघायला." बघू देत की. शहरात काय लोकलच्या डब्यात माणसं ज्ञानेश्वरी वाचत बसलेली असतात? दुसरा मित्र आणखी पुढचा. त्याला आमचं गाव आवडतं कारण तिथे नेटवर्क नाही. तो दोन रात्री राहतो, आकाशगंगा बघतो, आणि परत जाताना महामार्गाला लागल्याबरोबर गाडी बाजूला घेऊन पंचवीस मिनिटं फोन तपासतो. रेंज नसणं हे सुख त्यालाच, ज्याला ती हवी तेव्हा मिळते.

आणि २०२० ची टाळेबंदी. शाळा-कॉलेजं ऑनलाइन झाली आणि कोकणातल्या पोरांनी डोंगरावर, सड्यावर खोपी उभ्या केल्या, जूनच्या पावसात ताडपत्रीखाली बसून लेक्चरं ऐकली. वर्तमानपत्रांनी त्या जिद्दीचं कौतुक केलं. मला ते वाचताना कुठेतरी लाज वाटली. अंगावर पाणी घेत शिकणारी मुलगी प्रेरणादायी असेलही, पण तिच्यावर ही वेळ कुणी आणली हा बातमीतला दुसरा परिच्छेद कधी छापलाच गेला नाही. जिद्दीचं कौतुक केलं की टॉवरचा प्रश्न विचारायची गरज उरत नाही.

कंपन्यांची बाजू मला कळते. दोनशे उंबऱ्यांच्या खोऱ्यात टॉवर उभा करायचा तर जागा, वनखात्याची परवानगी, वर साहित्य न्यायला रस्ता, वीज, वीज गेली की बॅटऱ्या आणि डिझेल, आणि त्या टॉवरला मोठ्या जाळ्याशी जोडणारी फायबर नाहीतर मायक्रोवेव्हची दोरी. लोखंडी सांगाडा हे त्यातलं सगळ्यात सोपं काम. आमच्या शेजारच्या गावात सांगाडा दोन वर्षं उभा आहे, त्यावर घारी बसतात. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्याला धडकलं तेव्हा श्रीवर्धन, मंडणगड, दापोली भागातली माणसं जिवंत आहेत का हे मुंबईतल्या नातेवाइकांना कळेना. वीज गेली, पाठोपाठ फोन गेले. अशा ठिकाणी धंदा म्हणून कुणी जाणार नाही. मान्य.

पण हे मान्य करूनच तर देशाने २००२ मध्ये सार्वत्रिक सेवा निधी काढला. दूरसंचार कंपन्यांच्या ठरावीक उत्पन्नातले शंभरातले पाच रुपये त्यात जातात, आणि ते गिऱ्हाइकांकडूनच येतात. म्हणजे वहिनी जे रिचार्ज मारते, त्यातून ती स्वतःच्या गावात न आलेल्या रेंजची वर्गणी गेली कित्येक वर्षं भरतेय. या निधीतला बराच पैसा वर्षानुवर्षं न वापरता पडून होता. २०२३ च्या दूरसंचार कायद्याने त्याचं नाव डिजिटल भारत निधी झालं. जुलै २०२२ मध्ये केंद्राने रेंज नसलेल्या २४,६८० गावांत फोरजी नेण्यासाठी २६,३१६ कोटींची योजना मंजूर केली, ते काम बीएसएनएलकडे आहे आणि टॉवर उभे राहतायत. हे सगळं नाकारण्यात अर्थ नाही.

माझी शंका मोजणीबद्दल आहे. २०२४ मध्ये सरकारने संसदेत सांगितलं की देशातल्या सुमारे ६ लाख ४४ हजार गावांपैकी सुमारे ६ लाख २३ हजार गावांत मोबाईल पोचलाय. आकडा खोटा नसेल. पण कोकणातलं गाव म्हणजे काय हे आकडा काढणाऱ्याला माहीत आहे का? आमच्या महसुली गावात नऊ वाड्या आहेत. बौद्धवाडीपासून गुरववाडीला जायला पाऊण तास, मध्ये वहाळ. ग्रामपंचायतीजवळ रेंज येते, म्हणजे गाव पोचलं. उरलेल्या वाड्या कागदावर रेंजमध्ये राहतात. त्यात वर सेवेचा दर्जा मोजायचा तो परिमंडळाच्या सरासरीने, आणि दूरसंचारच्या नकाशावर महाराष्ट्र आणि गोवा मिळून एक परिमंडळ, मुंबई वेगळं. पुण्याच्या चौकातली आणि पणजीच्या किनाऱ्यावरची रेंज आमच्या वहाळात मिसळली की सरासरी छान येते. दूरसंचार नियामक ट्रायच्या नव्या नियमांमुळे २०२५ पासून कंपन्यांना आपापल्या संकेतस्थळावर रेंजचे नकाशे दाखवावे लागतात. मी काजूखाली बसून एका कंपनीचा नकाशा उघडला. बराच वेळ गोल गोल फिरून तो आला. आमची सगळी वाडी गडद रंगात होती.

खरी यादी सरकारकडेच आहे, आणि गंमत म्हणजे ती दर पाच वर्षांनी ताजी होते. निवडणूक आली की ज्या मतदान केंद्रांवर मोबाईल लागत नाही ती 'शॅडो' केंद्रं म्हणून काढली जातात. मेळघाट, गडचिरोली, सातपुड्यात अशा केंद्रांवर पोलिसांचे वायरलेस संच जातात, निरोपे नेमले जातात. मत नोंदवायचं तेव्हा रेंज नाही हे सरकारला दाराच्या पातळीवर ठाऊक असतं. मत नोंदवून झालं, की तीच बाई ई-केवायसीच्या खिडकीपुढे रेंजमधली ठरते.

म्हणून टॉवरपेक्षाही आधी मला एक नियम हवाय, आणि त्याला लोखंड लागत नाही. अतिवृष्टी झाली की पिकाचा पंचनामा होतो, तसा रेंजचा पंचनामा व्हावा, वाडीनिहाय, आणि ग्रामसभेचा ठराव त्याला पुरावा म्हणून पुरावा. जिथे रेंज नाही असं ठरलं, तिथल्या माणसाचा कागदी अर्ज, ग्रामपंचायतीत दिला त्या तारखेला, अर्ज म्हणून धरला जावा. ऑनलाइन चढवायचं काम मग ज्याला ऑनलाइन हवंय त्याचं. ३० एप्रिल २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने ॲसिडहल्ल्यातल्या पीडित आणि अंध व्यक्तींच्या ई-केवायसीच्या प्रकरणात डिजिटल सेवांपर्यंत पोचता येणं हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला. ई-केवायसीच्या कॅमेऱ्यापुढे डोळे मिचकावता येत नाहीत म्हणून कुणाला बाहेर ठेवता येणार नसेल, तर डोंगर आड येतो म्हणून कसं ठेवता येईल?

आणि एक छोटी गोष्ट. कातळावर एका कंपनीची रेंज, काजूखाली दुसरीची, ही आमची थट्टा वाटली तरी तिचं उत्तर तयार आहे. जानेवारी २०२५ पासून सरकारी निधीतून उभ्या राहिलेल्या टॉवरवर एका कंपनीच्या ग्राहकाला दुसऱ्या कंपनीची रेंज वापरता यावी अशी सोय सुरू झालीय. ती फक्त सरकारी पैशाच्या टॉवरपुरती का? जिथे एकाच कंपनीचा एकच टॉवर पोचतो, तिथे तो सगळ्यांचा असावा. एका खोऱ्यात दोन विहिरी परवडत नसतील तर एकीवर जातीची पाटी लावायची नाही, हे आपण शिकलोय, निदान पुस्तकात.

उपग्रहाचं इंटरनेट येतंय, त्याची आशा हल्ली सगळ्या भाषणांत असते. नोव्हेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र सरकारने स्टारलिंकशी त्याबाबत इरादापत्र केलं, गडचिरोली, नंदुरबार, वाशीम, धाराशिव असे जिल्हे डोळ्यांपुढे ठेवून. यावं. त्याला मोकळं आकाश लागतं, वीज लागते आणि महिन्याचे पैसे लागतात. शाळेला, आरोग्य केंद्राला ते शोभेल. वहिनीला त्याआधी पुष्कळ पावसाळे काढायचे आहेत.

महाराष्ट्राला याहून जुनी एक युक्ती ठाऊक आहे. १ जून १९४८ ला पुण्याहून नगरला पहिली एसटी सुटली, आणि पुढे 'रस्ता तिथे एसटी' हे ब्रीद झालं. तोट्याच्या फेऱ्या बंद कराव्यात असं हिशोबनीस तेव्हापासून सांगतोय, आणि तरी आमच्या गावात वस्तीची गाडी येते. रात्री मुक्काम करते, पहाटे निघते, अर्धी रिकामी. तिच्यामुळे शाळेतली पोरं तालुक्याला जातात, आजारी माणूस जातो. कुठल्या वाडीत किती तिकिटं फाटतात यावर ती ठरत नाही. रेंजही वस्तीच्या गाडीसारखी असावी एवढंच मी मागतोय.

चौथ्या दिवशी वहिनीने कातळ सोडला आणि सकाळची साडेसहाची एसटी धरली. तालुक्याला सेतू केंद्रात जाऊन काम करायचं, दिवसाची मजुरी बुडाली तर बुडाली. मी बरोबर होतो. ती बायकांच्या अर्ध्या तिकिटात, मी पूर्ण. मी फोन काढून कंडक्टरच्या गळ्यातला क्यूआर शोधला.

"ते इथे नाही लागायचं दादा, सुटे द्या," तो म्हणाला. "पुढे घाट चढल्यावर रेंज येते."

मी शंभराची नोट दिली. त्याने मशीनवर दोन बटणं दाबली, आणि रेंज नसलेल्या त्या खोऱ्यात मशीनमधून दोन तिकिटं सरळ बाहेर आली.